चांद्याचा परकोट वरून चालून पाहा: एका गवंड्याचं मत

चंद्रपूरच्या, म्हणजे आमच्या जुन्या चांद्याच्या, परकोटावरून, रामाळा तलावाच्या बाजूने सकाळी पायी फिरलो. पाचपैकी चार तारे देतो. पाचवा का अडवला ते पुढे येईलच. मी मूल तालुक्यातल्या खेड्यातला गवंडी. उमर सगळी दगड, विटा आणि चुना-शिमिटात गेली. त्यामुळे इथे फोटो कुठे चांगला येतो हे मला विचारू नका. भिंत कशी आहे आणि तिच्यावर चालताना काय दिसतं, तेवढं सांगतो.

आम्ही खेड्यातली माणसं चांद्याला जातो ती दवाखान्याच्या, कोर्टाच्या नाही तर बियाण्याच्या कामाने. ऑटो जटपुरा गेटातून धक्के खात निघतो. वर दगडात कोरलेला सिंह आणि त्याच्याखाली दबलेला हत्ती दिसतो न दिसतो तोच मागचा हॉर्न वाजवतो. बहुतेकांनी चांद्याचा किल्ला एवढाच पाहिलेला असतो. खरं तर अख्ख्या जुन्या शहराला हा कोट गुंडाळलेला आहे. जवळपास ११ किलोमीटर भिंत, ३९ बुरूज, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे इथे माणूस आरपार जाईल असा छोटा दरवाजा. चोर, विठोबा, हनुमान, मसन आणि बगड अशी त्यांची नावं आहेत.

खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाने बल्लारपूर सोडून इथे शहर वसवलं. राजाच्या अंगावर गाठी होत्या, झरपटीच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या, आणि मग सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या रेषेवर राणीच्या सांगण्यावरून कोट बांधला, अशी कथा आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. काम एका राजाच्या हयातीत संपलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या चालू होतं, आणि भिंतीकडे नीट पाहिलं तर ते कळतंही. एका बुरुजाचा दगड मोठा नि चोख घडवलेला, तर पुढच्या भागात हात घाईचा.

काही वर्षांपूर्वी या भिंतीवर चढायची सोय नव्हती. बेशरम, बाभूळ, काटेरी झुडपं आणि वर लोकांनी टाकलेला कचरा. मार्च २०१७ पासून इको-प्रो या चंद्रपूरच्याच संस्थेच्या पोरांनी बंडू धोतरे यांच्यासोबत रोज सकाळी कुऱ्हाडी-फावडी घेऊन एकेक बुरूज मोकळा करायला घेतला. दोनशे दिवस झाले तेव्हा, ऑक्टोबर २०१७ मध्ये, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचं नाव घेतलं. पुढे इको-प्रोच्या पोरांनी रविवारी सकाळी लोकांना भिंतीवरून फिरवायला सुरुवात केली. ज्या पोरांनी हातांनी झाडोरा काढला त्यांच्याच तोंडून माहिती ऐकायला मिळते, ही या फेरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. कोणता बुरूज कोणत्या अवस्थेत सापडला हे त्यांना तोंडपाठ आहे.

मी आदल्या दिवशीच मुलीकडे मुक्कामाला आलो होतो. सकाळच्या पारी नातीला घेऊन बगड खिडकीजवळून वर चढलो. वर फांजी, म्हणजे पहारेकरी फिरायचे ती वाट, दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद. एका हाताला शहराची घरं, परसातल्या दोऱ्या, टाक्या. दुसऱ्या बाजूला झाडी. उंची कुठे पंधरा फूट तर कुठे वीस. एवढ्या उंचीवर गेलं की शहराचा आवाज खाली राहतो आणि वारा लागतो.

नात पुढे पळत होती. चर्यांमधल्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या दगडी कंगोऱ्यांमधल्या, भोकापाशी थांबली.

“आबाजी, हे भोकं कायले ठेवले?”

“बंदूक धराले. आतल्या माणसाले बाहेरचा दिसते, बाहेरच्याले आतला नाही.”

“मंग कोणी आले होते का?”

आले होते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेने तोफा लावून या कोटाला खिंडार पाडलं आणि शहर घेतलं. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. मे महिन्यात, चांद्याच्या उन्हात! नातीला मी एवढंच सांगितलं, पण माझ्या डोळ्यासमोर भिंतीमागे उभे राहिलेले ते लोक आले. वर सावली तर कुठेच नाही.

आता भिंतीबद्दल. एका जागी वरचा थर निघाला आहे, तिथे मी खाली बसून घेतलं. तिथे भिंतीचं पोट उघडं पडलंय. दोन्ही तोंडांना पिवळसर रेताळ दगड घडवून लावलेले, मधोमध लहान-मोठ्या गोट्यांचा भराव, आणि तो सगळा चुन्यात बसवलेला. मधे मधे एखादा लांब दगड आडवा आत खोल घातलाय, म्हणजे तोंडाचा थर भरावापासून सुटून बाहेर फुगू नये. आजकाल कंपाउंडची भिंत बांधतानाही हे कोणी करत नाही. चुन्यावरून बोट फिरवलं. शेकडो पावसाळे खाल्लेला चुना, पण बोटाला पूड लागली नाही. असा चुना होतो तो भट्टीतून आणून लगेच लावल्याने नव्हे. तो पाण्यात विझवून मुरू द्यावा लागतो, मग घाणीत वाळूसोबत बैलाकडून मळून घ्यावा लागतो. माझ्या बापाने अशी घाणी चालवलेली मी पाहिली आहे. माझ्या हातात थापी आली तेव्हा शिमिटाच्या गोण्या आलेल्या होत्या.

इथूनच पाचव्या ताऱ्याची गोष्ट सुरू होते. भिंतीला लागून ज्यांची घरं आहेत त्यांनी काही जागी दरजांमध्ये शिमिट भरलंय, कुठे कपड्यांच्या दोरीसाठी लोखंडी खुंट्या ठोकल्यात. त्यांना वाटत असेल भिंत मजबूत केली. होतं उलटं. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. शिमिट ती अडवतं. मग ओल दगडातून वाट काढते आणि रेताळ दगडाचं तोंड पापुद्र्यांनी सुटतं. एका खुंटीभोवतीचा दगड तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलला गेला होता. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की दगड फोडतं. हे माझ्या डोळ्यांनी इतक्या ठिकाणी पाहिलंय की ती खुंटी पाहून पोटात कालवलं.

दुसरी गोष्ट पिंपळाची. वरून रोपटं छाटलं तरी मनगटाएवढं मूळ दरजेत बसलेलं असतं, आणि पहिल्या पावसात पुन्हा पालवी फुटते. ओढून काढावं तर दगड सोबत येतात. मूळ आधी जागीच मारायचं, वाळू द्यायचं, मग पोकळी चुन्याने भरायची. तिथल्या एका पोराला मी हे सांगितलं. त्याने “काका, पुन्हा सांगा” म्हणत मोबाईलवर टिपून घेतलं. फार बरं वाटलं.

तलावाच्या अंगाला आलं की मात्र मिस्त्रीची नजर सुटते. गोंडराजांच्या काळातला रामाळा तलाव कोटाच्या आतच आहे. भिंत, झाडी आणि पाणी एकाच नजरेत येतं. पाण्याच्या काठाने ढोकरी बगळे एका पायावर उभे होते. एक पाणकावळा पंख पसरून सुकवत बसला होता. नात तिथून हलेना. आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावरही हे पक्षी असतात, पण तिथे आम्ही खालून बघतो. इथे भिंतीवरून पाणी आणि पक्षी खाली दिसतात, आणि त्यांनाही आपला त्रास नाही.

या तलावाने फार सोसलंय. शहराचं सांडपाणी आणि इकॉर्नियाची, म्हणजे जलपर्णीची, हिरवी चादर. २०२१ च्या सुरुवातीला धोतरे यांनी याच तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला, त्यानंतर तलाव कोरडा करून गाळ काढायचं काम झालं. मी गेलो त्या सकाळी काठाच्या एका कोपऱ्यात पुन्हा इकॉर्नियाची पानं दिसली. ज्याने धानाच्या बांधीत तण पाहिलंय त्याला कळेल, मूठभर असताना काढलं तर एका माणसाचं काम, पसरू दिलं तर गावाचं. पोटापाण्याच्या शेतात आपण जी नजर ठेवतो तीच इथे ठेवली पाहिजे. परकोट आणि तलाव ही एकच जागा आहे. पाणी नासलं तर या वाटेवर कोणी फिरणार नाही, आणि कोणी फिरलं नाही तर भिंतीवर पुन्हा कचरा पडेल.

पुढे अंचलेश्वर दरवाजाकडे गोंडराजांच्या समाध्या आहेत. बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधवली. नवऱ्यामागे राज्य सांभाळून एवढं देखणं काम उभं करणारी बाई! समाधीच्या दगडाच्या कडा पाहा. ओळंबा लावून तपासाव्या इतक्या सरळ आहेत. अंचलेश्वराच्या मंदिरावरचं कोरीवकामही घाईत सोडू नका. दरवाजाबाहेर झरपट नदी आणि महाकालीचं मंदिर आहे.

जायचं असेल तर हे ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत या, आणि ऊन चढायच्या आत उतरा. एप्रिल-मेमध्ये लहान पोरांना वर नेऊ नका. पाणी घरून न्या. चप्पल नको, बूट घाला, काही ठिकाणी दगड हलतात. गुडघे दुखणाऱ्यांनी तलावाचाच भाग करावा, तेवढाही पुरेसा आहे. चैत्रात महाकालीची यात्रा असते, मराठवाड्यातून भाविक लोंढ्याने येतात, तेव्हा अंचलेश्वर दरवाजाकडून यायचा विचार सोडा आणि बगड खिडकीकडून चढा. मूल, नागभीडकडच्यांनी गोंदिया-बल्लारशा लाईनची गाडी धरली तर चांदा फोर्ट स्टेशनला उतरता येतं. तिथून ऑटो मिळतो. आणि जुन्या चुन्याचं काम हाताला माहीत असलेला कोणी म्हातारा मिस्त्री तुमच्या गावात असेल तर त्याला सोबत आणा. दुरुस्तीची माणसं आली की त्यांना दाखवायला तो लागेल.