खावटीसाठी मोफत वकील: तालुका विधी सेवा समितीचा माझा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा का दिला नाही ते पुढे येईलच.

मी पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज सत्तरेक डबे जातात. मुलगी आता सातवीत आहे. आम्ही वेगळे झाल्यापासून २०२२ च्या जूनपर्यंत तिच्या वडिलांनी तिच्यासाठी एक रुपयाही दिला नव्हता. एका खासगी वकिलांनी पंचवीस हजार सांगितले, तेही आधी. तेवढे असते तर मी मुलीची फी थकवली नसती.

मग कोर्टाच्या आवारात, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या खोलीत गेले. तिथल्या माणसाने उत्पन्नाचा दाखला मागितला आणि मी परत आले. पंधरा दिवस तहसीलच्या चकरा मारल्या. त्या सगळ्या फुकट होत्या, कारण १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाई आणि मूल यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. हे मला १५१०० या हेल्पलाइनवर कळलं. म्हणून कुणी दाखला मागितला तर माघारी फिरू नका, त्या कायद्याचं कलम १२ दाखवा.

वकील मॅडम मात्र मनापासून काम करणाऱ्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, अंदाज नको. पोरीचा महिन्याचा खर्च वहीत लिहून आणा." मी लिहिलं: व्हॅन ८००, शाळेची फी, वह्या, दम्याचा पंप. त्यांनी वाचून विचारलं, "आणि ती राहते कुठे? जेवते कुठे?" भाडं, गॅस, किराणा यातला तिचा वाटा मी धरलाच नव्हता. सगळं मांडलं तेव्हा आकडा ८,९०० झाला. आपल्याकडे मुलांच्या खावटीला पगाराच्या अमुक टक्के असं कोष्टक नाही. बापाची कमाई, मुलाची गरज आणि घरचं राहणीमान बघून कोर्ट रक्कम ठरवतं. त्यामुळे त्या वहीवरच सगळं उभं होतं.

आमच्या तालुक्याला कौटुंबिक न्यायालय नाही, म्हणून अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केला. तेव्हा खावटीचं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झालंय. प्रतिज्ञापत्रात मुलीच्या बापाने 'रोजंदारी, महिना ९ हजार' असं लिहून दिलं. मॅडमनी बँकेचा उतारा मागवून घेतला. त्यात दरमहा कंपनीचे २४ हजार जमा, आणि गाडीचा हप्ता ४,२०० वजा! दोन्ही बाजूंनी कमाई, मालमत्ता, कर्ज असं सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ठरवून दिलंय. तो खटला नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातूनच वर गेला होता. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्याच निकालात आहे. "ही कमावते, मग मी का देऊ?" असं तो कोर्टात म्हणाला. आई कमावते म्हणून बाप सुटत नाही, फार तर खर्चाची वाटणी होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये महिना ६ हजारांचा आदेश झाला. मागचे १४ महिने धरून ८४ हजार. मी त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर बसून रडले.

आणि इथेच माझा पाचवा तारा गेला. आदेशाची नक्कल हातात दिली आणि पुढे काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. मला वाटलं, पैसे आता कोर्टच आणून देईल. त्याने दोन महिने दिले आणि बंद केले. मी आठ महिने वाट बघत बसले. थकलेल्या खावटीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. आणखी चार महिने गप्प राहिले असते तर मोठी रक्कम हातची गेली असती. हे दोन ओळींत छापून आदेशासोबत प्रत्येक बाईच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

वसुलीचं वॉरंट दोनदा 'पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत आलं. तो रोज कामावर जात होता. तिसऱ्या वेळी मॅडमनी कंपनीचा पत्ता आणि शिफ्टची वेळ अर्जात लिहिली. मग तो तारखेला हजर राहिला. थकलेल्या दर महिन्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी पैसे माफ होत नाहीत, हे त्याला तिथे समजावून सांगितलं गेलं. ५० हजार त्याने त्याच दिवशी भरले. उरलेले हप्त्याने येतात, चालू ६ हजार वेगळे. सगळं बँकेतूनच घेते, रोख कधीच नाही.

बायका मला विचारतात, हे किती वर्षं चालणार? १२५, म्हणजे आताच्या १४४ कलमाखाली, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. शरीराने किंवा मनाने अधू मूल स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर त्यानंतरही. आम्ही हिंदू, म्हणून १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० आम्हाला लागू आहे. त्यात अविवाहित मुलीला स्वतःचा खर्च झेपत नसेल तर लग्नापर्यंत बापाकडून मागता येतं, पण तो दावा वेगळा.

रक्कम वाढवून मागता येते. या जूनमध्ये ती आठवीत जाईल, आणि वाढीव खावटीचा अर्ज त्याच मॅडमकडे द्यायचं ठरलंय. व्हॅनचे ८०० आता १,१०० झालेत.