बंब, गीझर की सोलर? ठाण्या-नवी मुंबईतल्या बैठ्या घरासाठी

आपल्याकडे थंडीत खोली तापवायची वेळ येत नाही. पहाटे टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, प्रश्न तेवढाच. म्हणून इथे कोणी 'लाकडावरचं काही घेऊ का' असं विचारलं की त्याचा अर्थ बंब, म्हणजे लाकडावर आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं पिंप. बाळकुम, कोलशेत, घणसोली, दिवाळे अशा गावठाणात ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि मागे थोडी पडवी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फ्लॅटवाल्यांनी बंबाचा भाग सोडून थेट विजेवर यावं.

आधी हिशोब मांडू. घरात चार माणसं, प्रत्येकाला वीस लिटरची बादली. पाणी २४ अंशांवरून ४४ वर न्यायला साधारण १६०० किलोकॅलरी लागतात. विजेत सांगायचं तर दोन युनिटच्या आत-बाहेर. गॅस गीझरमध्ये तेच काम जेमतेम २०० ग्रॅम गॅसमध्ये होतं, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळीला वापरला तर दोन महिन्यांवर जातो. सुक्या लाकडात किलोमागे साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात, पण बंबातली बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते. पाव भाग पाण्यात उतरतो असं धरलं तर रोज दीड-दोन किलो लाकूड हवं. महिन्याला पन्नास-साठ किलो झालं. तुमच्या आवारात नारळ, आंबा असेल तर झावळ्या, करवंट्या, छाटलेल्या फांद्या यांत हे निभतं. वखारीतून आणायचं ठरवलं तर ओझं वाहणं, ते कोरडं ठेवणं, फोडणं हे रोजचं काम मागे लागतं, आणि ते घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. हे आधी बोलून घ्या.

तरीही बंब ही फार चांगली वस्तू आहे, असं माझं ठाम मत आहे. तांब्याच्या पिंपात मधोमध नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये विस्तव, त्यामुळे चुलीवरच्या पातेल्यापेक्षा जळण कमी लागतं. जुन्या घडणीच्या बंबात नरसाळ्यातून तांब्याभर थंड पाणी ओतलं की ते तळाला जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून तितकंच बाहेर येतं. वीज गेली, गॅस संपला, तरी आंघोळ अडत नाही. दोन गोष्टी मात्र पाळायच्याच. बंब भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांध्यांचा डाख सुटतो आणि बंब गळायला लागतो. आणि त्यात रंगवलेलं लाकूड, प्लायचे तुकडे, प्लॅस्टिक घालायचं नाही. त्याचा धूर विषारी असतो.

धूर हीच बंबाची खरी अडचण. थंडीत सकाळी हवा खाली दबून राहते, धूर वर जात नाही, आणि गावठाणात घराला घर लागून. शेजारच्या खिडकीत दम्याचं माणूस असेल तर बंबाचा विचार सोडा. जळणासाठी जंगलाकडेही बघू नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिथलं लाकूड आणायला बंदी आहे. शहरातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते तुमच्या अंगणातलं का असेना.

विजेचा गीझर सगळ्यात बिनकटकटीचा. चौघांना १५ लिटरचा साठवणीचा पुरतो, कारण त्यातलं पाणी ६० अंशांचं असतं आणि आपण त्यात थंड मिसळतो. दोन आंघोळींच्या मध्ये थोडा वेळ तेवढा सोडावा लागतो. नुसता वर्गवारीचा दर बघून फसू नका, टप्पा बघा. महावितरणचा घरगुती दर महिन्याला १०० आणि ३०० युनिटला वर चढतो. तुमचं घर आधीच तीनशेला टेकलं असेल तर गीझरचे साठेक युनिट महागड्या टप्प्यात पडतील. बादलीत टाकायचा रॉड मी कोणालाच सुचवणार नाही, लहान मुलं असलेल्या घरात तर मुळीच नाही.

गॅस गीझर चालवायला स्वस्त, पाइपचा गॅस आला असेल तर आणखी सोयीचा. पण तो न्हाणीघराच्या आत लावू नका. ही विनंती समजा. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला वासच नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी आतून लावलेली असते. पंखा बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. गीझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ. बैठ्या घरात आणखी एक बघा: टाकी डोक्यावर चार फुटांवर असेल तर पाण्याला दाब मिळत नाही आणि गीझर पेटतच नाही.

सोलरचं, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या हीटरचं, गणित गच्चीवर ठरतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, वर शेजारच्या टॉवरची सावली नाही, आणि थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच, एवढं जमत असेल तर थंडीभर पाणी जवळजवळ फुकट. पावसाळ्यात मात्र दुसरी सोय लागतेच. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, एका युनिटात तीनाच्या आसपास युनिटांची उष्णता देतो आणि आपल्या उबदार हवेत छान चालतो, पण चौघांच्या घराला त्याची किंमत झेपत नाही. एकत्र कुटुंब असेल तर विचार करा.

मला विचाराल तर गच्चीवर ऊन असलेल्या घराने सोलर आणि सोबत १५ लिटरचा विजेचा गीझर घ्यावा. मागे मोकळी पडवी, आवारात नारळ आणि सकाळी घरी असणारं कोणी असेल तर बंब जरूर ठेवा. घराचं काम अजून चालू असेल तर काहीही घेण्याआधी गवंड्याला गाठा आणि गच्चीपासून न्हाणीपर्यंत गरम पाण्याची वेगळी सीपीव्हीसी लाइन टाकून घ्या. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो, आणि टाइल्स बसल्यावर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.