पहाटेचा बेसबॉल आणि शनिवारच्या रात्रीचा फुटबॉल : एका वर्गणीचा वर्षभराचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये मी परदेशी खेळ दाखवणाऱ्या एका सशुल्क सेवेची वार्षिक वर्गणी भरली. तिच्यात अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा संपूर्ण हंगाम आणि ऑगस्टपासून पुढे तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने, असे दोन्ही होते. सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. माझ्या निम्म्या तक्रारी दुकानाविषयी आहेत आणि निम्म्या मालाविषयी, आणि मालातली खोट दुकानदाराच्या माथी मारणे मला बरे वाटत नाही. सांगलीत विश्रामबागेत बसून असले खेळ कोण पाहतो, असा प्रश्न शेजाऱ्यांप्रमाणे वाचकांनाही पडेल, म्हणून सांगतो की मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. शालेय स्पर्धांसाठी सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे संघ मी बावीस वर्षे तयार केले आणि ग्लोव्ह पुरत नसत त्या काळी अनेक मुलांना उघड्या हातांनी झेल घ्यायला शिकवले. त्यामुळे बेसबॉल मला कळतो. फुटबॉल, म्हणजे शिरस्त्राण घालून अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकन फुटबॉल, मी आयोवा राज्यात राहणाऱ्या पुतण्याच्या आग्रहाने पाहू लागलो.

प्रथम दुकानाविषयी. चित्र स्वच्छ दिसते, मध्येच अडकत नाही, आणि पावसाळ्यात वीज जाऊन परत आल्यावर सामना जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो. याबद्दल सेवेला पूर्ण गुण द्यायला हवेत. वेळांचा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. माझ्यासारख्या चारला जाग येणाऱ्या माणसाला ही वेळ फारच सोयीची आहे, नोकरदाराला नाही. शनिवारी दुपारी बाराचा फुटबॉल आपल्याकडे रात्री साडेनऊला येतो आणि त्यानंतरचे सामने रात्रभर चालू राहतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे घेतली जातात, हे सेवेच्या स्मरणसूचनेला ठाऊक नसावे, कारण त्यानंतरचा आठवडाभर ती मला रोज एक तास आधी उठवत होती.

याहून त्रासदायक गोष्ट अशी की झालेला सामना नंतर पाहावा म्हटले, तर त्याच्या चित्राखालीच निकाल छापलेला असतो. गुण लपवण्याची सोय 'सेटिंग्ज'मध्ये आहे, पण ती चालू केली तरी खालच्या ओळीत 'शेवटच्या इनिंगमधील विजयी होमरन पाहा' असे आमंत्रण येतेच (होमरन म्हणजे चेंडू मैदानाबाहेर धाडणारा फटका). जाहिरातींच्या वेळी अमेरिकेतील प्रेक्षकांना जाहिराती दिसतात आणि आम्हाला एक निळी पाटी दिसते, ज्यावर 'मध्यंतर चालू आहे' एवढेच इंग्रजीत लिहिलेले असते. आवाज नाही, हालचाल नाही. बेसबॉलमध्ये प्रत्येक अर्ध्या इनिंगनंतर (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि सामना नऊ इनिंगचा असतो) ही पाटी येते. तेवढ्या वेळात भडंगाची वाटी भरून आणता येते हे खरे, पण एका सामन्यात सोळा-सतरा वाट्या भडंग खाणे माझ्या वयाला झेपणारे नाही.

एका सोयीचे मात्र मनापासून कौतुक करतो. याच वर्गणीत प्रत्येक बेसबॉल सामन्याचे रेडिओवरील समालोचन ऐकायला मिळते. सकाळी आमराईत फेऱ्या मारताना कानाला लावून ऐकलेले सामने मला पडद्यावर पाहिलेल्या सामन्यांपेक्षा अधिक लक्षात राहिले आहेत. रेडिओवरचा समालोचक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कसा उभा आहे, वारा कोणीकडून येतो आहे, प्रेक्षकांत किती रिकाम्या खुर्च्या आहेत, हे सगळे सांगत असतो, कारण त्याला ते सांगितल्यावाचून गत्यंतर नसते. पडद्यावरच्या समालोचकाला मात्र आकडे दाखवण्यातून उसंत मिळत नाही.

आता मालाकडे वळतो. तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, म्हणजे एकूण २,४३० सामने: जाहिरातीत सेवा हाच आकडा मिरवते. बेसबॉल बिघडला असे म्हणणारे बहुतेक जुने चाहते पहिला राग पिचरसाठी लावलेल्या घड्याळावर काढतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. २०२३ पासून पिचरला बेस (धावपटूने क्रमाने गाठायचे टप्पे) मोकळे असताना पंधरा सेकंदांत आणि बेसवर धावपटू असताना वीस सेकंदांत चेंडू टाकावा लागू लागला (दुसरी मर्यादा पुढच्या वर्षी अठरावर आली), आणि तीन तासांहून लांबलेला सरासरी सामना सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आला. त्यातून खेळ गेला नाही. हातमोज्याचा पट्टा दर चेंडूला सोडून पुन्हा बांधणे तेवढे गेले. शाळेच्या मैदानावर मी हीच शिस्त शिट्टीने लावत असे.

माझे दुखणे वेगळे आहे. १९७५ साली न्यूयॉर्क यँकीजच्या कॅटफिश हंटर याने एकट्याने तीस सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत टाकले. २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन हंगामांत तीसही संघांचे मिळून असे सामने एकाही वर्षी चाळिशीला पोहोचले नाहीत. पिचर पाच-सहा इनिंग टाकतो आणि तो उत्तम टाकत असतानाच त्याला बाहेर घेतात, कारण तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना त्याचे चेंडू कळू लागतात, असे आकडे सांगतात. आकडे खरे असतील. पण तिसऱ्या वेळी समोरासमोर येणारे हे दोघे काय करतात, हे पाहण्यासाठीच मी पहाटे उठत होतो. त्यांच्या जागी एकामागून एक असे चार ताजे गडी येतात, प्रत्येक जण वीसेक चेंडू जिवाच्या आकांताने फेकतो, आणि बॅटरही होमरनशिवाय दुसरा विचार न करता बॅट फिरवतो. परिणामी २०१८ साली मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच वर्षभरातील स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद होण्याची) संख्या हिटच्या (बेस मिळवून देणाऱ्या फटक्यांच्या) संख्येहून जास्त झाली. चेंडू मैदानात येतच नसेल, तर मैदानात उभ्या असलेल्या सात जणांना मी विद्यार्थ्यांपुढे कशाचे उदाहरण म्हणून दाखवायचे?

नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल, तर दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करण्याचा नियम तर मला आजही पचलेला नाही. २०२० साली साथीच्या काळातील तात्पुरती सोय म्हणून तो आला आणि २०२३ मध्ये कायम झाला. त्या धावपटूने तो बेस कमावलेला नसतो. सामना लवकर संपावा आणि प्रक्षेपणाची वेळ पाळली जावी म्हणून तो तिथे असतो. आमच्याकडे गावोगावच्या मैदानांत निकाली कुस्ती लांबली, तर लोक उन्हात बसून राहतात, पण पंचाने एकाला आधीच गुडघ्यावर बसवून कुस्ती लावलेली कोणी खपवून घेणार नाही.

सुदैवाने बाद फेरीत हा नियम लागू नसतो, आणि त्यामुळे वर्गणीचे निम्मे पैसे मला एकाच दिवशी वसूल झाले. २८ ऑक्टोबरला आपल्या पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू झालेला लॉस एंजेलिस डॉजर्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यातील वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना अठरा इनिंग चालला आणि दुपारी बारा वाजून गेल्यावर डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने ६-५ असा संपला. डॉजर्सचाच शोहेई ओहतानी नऊ वेळा बेसवर पोहोचला. त्यांतील चार वेळा टोरांटोने त्याला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ दिले, इतका त्याचा धसका होता. शेवटी शेवटी डॉजर्सच्याच विल क्लाइन नावाच्या, फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या पिचरने चार इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. दमलेला माणूस, उरलेला एकच डाव आणि पर्याय संपलेला प्रशिक्षक: आयता धावपटू असता, तर यांपैकी काहीही घडले नसते. चौदाव्या इनिंगला सेवेने मला 'आपण अजून पाहत आहात का?' असा प्रश्न पडद्यावर विचारला. तोपर्यंत सौ. हाच प्रश्न तीनदा विचारून गेल्या होत्या.

ज्या संघासाठी मी मुळात वर्गणी घेतली, त्याची कथा इतकी सुखद नाही. पुतण्या पूर्वी कॅलिफोर्नियात राहत असताना त्याने मला ओकलंड ॲथलेटिक्सची हिरवी टोपी पाठवली होती, आणि ती घालून मी शाळेच्या मैदानावर उभा राहत असे. हा संघ १९६८ ते २०२४ एवढी वर्षे ओकलंडचा होता. तिथे त्याने चार वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. नव्या स्टेडियमचा प्रश्न सुटला नाही, मालकाने लास व्हेगासला जाण्याचे ठरवले, आणि तेथील नवे स्टेडियम तयार होईपर्यंत संघ वेस्ट सॅक्रामेंटो येथे दुय्यम लीगच्या, सुमारे चौदा हजार प्रेक्षक मावणाऱ्या मैदानावर खेळतो आहे. या काळात संघाने आपल्या नावापुढे कोणत्याच गावाचे नाव लावलेले नाही, नुसते 'ॲथलेटिक्स'. पैलवानाच्या नावाआधी गावाचे किंवा तालमीचे नाव ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट फार खटकते. सेवेच्या यादीत संघ गावाच्या नावाने लावलेले आहेत, त्यामुळे माझा संघ मला पहिल्या दिवशी सापडलाच नाही.

जाता जाता एक गंमत नोंदवतो. अमेरिकेत स्थानिक वाहिन्यांचे हक्क जपण्यासाठी घरच्या भागातील संघांचे सामने अशा सेवांवर अडवले जातात. आयोवात स्वतःचा एकही मेजर लीग संघ नसताना, आजूबाजूच्या राज्यांतील सहा संघ त्या राज्यावर आपापला हक्क सांगत असल्यामुळे, तेथील वर्गणीदारांना वर्षानुवर्षे त्या सहाही संघांचे सामने पाहता येत नव्हते. पुतण्या शिकागोपासून काही तासांच्या अंतरावर राहून जो सामना पाहू शकत नसे, तो मी कृष्णाकाठी चहा पीत पाहिला आणि त्याला फोन करून सांगितला.

फुटबॉलमध्ये पुतण्याच्या शब्दाखातर मी आयोवा स्टेट विद्यापीठाचा संघ धरला. कॅन्सस स्टेटशी त्यांचा सामना १९१७ पासून एकही वर्ष न चुकता होत आला आहे, हे ऐकून मला बरे वाटले. दोन जवळपासच्या मुलखांतील, शेतीशिक्षणासाठी नावाजलेल्या विद्यापीठांची शतकभराची चुरस म्हणजे आपल्या ओळखीची गोष्ट. २३ ऑगस्टच्या रात्री साडेनऊला मी भडंग घेऊन बसलो, तर सामना आयर्लंडमध्ये, डब्लिनला! आयोवा स्टेटने तो २४-२१ असा जिंकला आणि सामना रंगलाही चांगला. तरी ज्या गावकऱ्यांची ती चुरस, त्यांना समुद्र ओलांडून जावे लागले, आणि साठ मिनिटांचा खेळ संपायला तीन तासांहून अधिक वेळ लागला. निळ्या पाटीची आणि माझी मैत्री त्या रात्री पक्की झाली.

पुढे जे समजत गेले, त्याने गोंधळ वाढला. आयोवा स्टेट ज्या 'बिग ट्वेल्व्ह' गटात आहे, त्यात सोळा संघ आहेत. 'बिग टेन'मध्ये अठरा. १९१५ पासूनची परंपरा सांगणारा पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट प्रक्षेपणाच्या पैशांवरून फुटला, २०२४ मध्ये बारापैकी दहा संघ निघून गेले, आणि त्यांपैकी स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया हे पॅसिफिकजवळचे दोन संघ आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या गटात खेळतात. आपल्या जिल्हा क्रीडा कार्यालयाने तालुक्यांच्या याद्या अशा लावल्या असत्या, तर आम्ही शिक्षकांनी मोर्चा काढला असता.

खेळाडूंना पैसे मिळू लागले, याविषयी माझी तक्रार नाही, हे येथे स्पष्ट करतो. त्यांच्या जिवावर विद्यापीठांनी अनेक दशके कमाई केली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागले आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट वाटा देऊ लागली, हे न्याय्यच झाले. अडचण अशी की याच काळात दरवर्षी विद्यापीठ बदलण्यावरची बंधनेही जवळजवळ उरली नाहीत. ज्याची धाव पाहून मी नाव लक्षात ठेवावे, तो पुढच्या हंगामात दुसऱ्याच रंगाच्या पोशाखात असतो. वस्तादांचेही तेच. आयोवा स्टेटला दहा हंगाम घडवणारे मॅट कॅम्पबेल डिसेंबरमध्ये पेन स्टेटला गेले. त्याच सुमारास लेन किफिन यांनी अकरा सामने जिंकून बाद फेरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला मिसिसिपीचा संघ सोडून त्याच गटातील लुइझियाना स्टेटची वाट धरली. हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला आयोवा स्टेटने धडधाकट खेळाडू पुरेसे नाहीत म्हणून नकार दिला, कॅन्सस स्टेटनेही नकार दिला, आणि गटाने दोघांनाही पाच-पाच लाख डॉलरचा दंड केला. डब्लिनला जाऊन ज्यांनी माझ्या हंगामाचे उद्घाटन केले, तेच दोघे डिसेंबरात घरी बसले. मी मात्र जानेवारीपर्यंतचे पैसे भरून बसलो होतो.

सेवेला मी पाचपैकी तीन तारे देईन आणि त्यांतला एक पूर्ण तारा रेडिओचा आहे. ज्यांना कोणताही एक संघ धरून न ठेवता, रात्री झोप येत नसताना चांगला खेळ पाहायचा आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र वर्गणी भरतानाच स्वयंचलित कपातीची खूण काढून टाकावी, कारण नंतर ती शोधण्यात माझी अर्धी दुपार गेली. मार्चमध्ये मुदत संपते, म्हणून फुटबॉल वगळून केवळ बेसबॉल मिळेल का, असे मी ग्राहक सेवेला विचारले. सहाव्या दिवशी उत्तर आले की दोन्ही एकत्रच घ्यावे लागतील. त्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत मात्र असे लिहिले होते की फक्त रेडिओ समालोचनाची वर्गणी स्वतंत्रपणे आणि फारच कमी दरात उपलब्ध आहे. ती मी त्याच संध्याकाळी भरली.