तिकीट खरं होतं, पीएनआर खरा होता, पैसे मात्र गेले

विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकला, आपली सगळ्यांची नावं बरोबर दिसली, की माणूस निर्धास्त होतो. आमची फसवणूक त्यानंतर झाली. नाशिकमधल्या एखाद्या छोट्या टूरवाल्याकडे सुट्टीच्या सहलीचे पैसे भरून तुम्ही तारखेची वाट बघत असाल, तर आधी तुमचं तिकीट आज पुन्हा एकदा उघडून बघा आणि मग पुढचं वाचा.

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं आम्ही उन्हाळ्यातच ठरवलं होतं. ताई-दाजी आणि त्यांची दोन मुलं, आम्ही तिघं आणि आई. दाजी अंबडच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात, ताई हॉस्पिटलमध्ये, त्यामुळे दोघांना एकत्र रजा मिळणं हीच मुळात मोठी गोष्ट. धावपळीचे दहा स्पॉट नकोत, स्वराज द्वीपला निवांत राहायचं, राधानगरच्या किनाऱ्यावर मुलांना मनसोक्त खेळू द्यायचं, एवढंच मागणं होतं. आणि आईसाठी सेल्युलर जेल. आईचं माहेर भगूरचं. सावरकरांचा वाडा तिने लहानपणापासून येता-जाता पाहिलेला. १९११ साली तात्याराव अंदमानात पोचले तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीच तिथल्या कोठडीत होते आणि बराच काळ दोघा भावांची गाठही पडू दिली नव्हती, हे ती आम्हाला कितीदा सांगत आली आहे. ती कोठडी गुडघे चालताहेत तोवर बघायची, हे तिने स्वतः बोलून दाखवलं होतं. म्हणून ही सहल आम्हा दोघी बहिणींना फार महत्त्वाची होती.

टूरवाला ओळखीतून मिळाला. आमच्याच सोसायटीतलं एक कुटुंब त्याच्याकडून केरळला जाऊन आलं होतं आणि खूश होतं. भर रस्त्यावर ऑफिस, दोन मुली कामाला, भिंतीवर फोटो. बोलणं अतिशय अदबीचं. आईला म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी एअरपोर्टवर व्हीलचेअर मी आत्ताच लिहून ठेवतो. जेलचा लाइट अँड साउंड शो पुढच्या रांगेतून दाखवतो." आठ जणांचे मिळून तीन लाख ऐंशी हजार ठरले. त्यातले एक लाख दहा हजार ताईने क्रेडिट कार्डाने भरले, बाकीचे आम्ही बँकेतून पाठवले. पावती मिळाली, जीएसटी लावलेलं बिल मिळालं, आठवडाभरात तिकिटं आली. पीएनआर साइटवर टाकून बघितला, आठही नावं होती. दाजींनी स्वराज द्वीपच्या हॉटेलला फोन केला, तर तिथेही आमच्या नावाने खोल्या लिहिलेल्या होत्या. म्हणजे तपासायचं ते सगळं तपासलं होतं आणि ते सगळं त्या दिवशी खरंच होतं.

लक्ष्मीपूजनानंतर निघायचं होतं. पहाटेची गाडी सांगितलेली, बॅगा भरलेल्या, चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे वेगळे काढलेले. निघायच्या दोन दिवस आधी वेब चेक-इन करायला माझा नवरा बसला, तर बुकिंग रद्द झालेलं दिसलं. आधी वाटलं नंबर चुकला असेल. विमान कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ही तिकिटं पावसाळ्यातच रद्द केली आहेत आणि परतावा ज्या एजन्सीच्या खात्यातून बुकिंग झालं तिथे जमा झाला आहे. हॉटेलला फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे नाव होतं, पण ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत म्हणून खोल्या रिलीज केल्या. टूरवाल्याचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, दसऱ्यापासून उघडलंच नाही.

हे कसं केलं, ते नीट समजून घ्या, कारण यात कुठलाही कागद बनावट लागत नाही. एजंट तुमच्यासाठी खरं तिकीट काढतो. बुकिंग करताना संपर्काचा मोबाइल आणि ईमेल मात्र स्वतःचा टाकतो. तुम्ही तिकीट तपासून समाधानी झालात, की काही आठवड्यांनी तो तेच तिकीट रद्द करतो. प्रवासाला बराच वेळ असतो तेव्हा कापली जाणारी रक्कमही त्या मानाने कमी असते, उरलेला सगळा परतावा त्याच्या खात्यात. तिकीट रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याच फोनवर जातो, तुमच्या हातात जुनी पीडीएफ तशीच राहते. हॉटेलचंही तसंच. पैसे न भरता नुसतं नाव धरून ठेवायची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. प्रामाणिक एजंटही तसंच करतात आणि मुदतीच्या आत पैसे पाठवतात. याने पाठवलेच नाहीत.

म्हणून तिकीट हातात आल्याबरोबर विमान कंपनीच्या साइटवर किंवा त्यांच्या कस्टमर केअरला फोन करून बुकिंगवरचा मोबाइल आणि ईमेल स्वतःचा करून घ्या. एजंट कुरकुर करायला लागला, तर तिथेच थांबा. नंतर दर पंधरा दिवसांनी पीएनआर बघत राहा. हॉटेलला विचारायचा प्रश्न "आमचं नाव आहे का?" असा नसावा. "आमच्या खोल्यांचे पैसे तुमच्या खात्यात जमा झालेत का, आणि नसतील तर कोणत्या तारखेपर्यंत धरून ठेवणार?" असं विचारा. नंबरही एजंटने दिलेला नको, हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा घ्या. खरं सांगायचं तर विमानाची तिकिटं स्वतःच काढावीत आणि एजंटकडून फक्त तिथलं लँड पॅकेज, म्हणजे राहणं-फिरणं, घ्यावं, त्यातही मोठा हिस्सा पोचल्यावर द्यायचा, या मतावर आम्ही आता ठाम आहोत.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही बघा. तो पंधरा अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकता येतो, नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कधीची आहे, चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. आमच्या बिलावरचा क्रमांक भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. आमच्याकडून घेतलेला करही त्याने खिशात घातला.

आणखी एक खूण. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत एक रात्र "हॅवलॉक" आणि दोन रात्री "स्वराज द्वीप" अशा वेगळ्या लावल्या होत्या, मधल्या बोटीचे पैसेही धरले होते. हे एकच बेट आहे, २०१८ च्या डिसेंबरात नाव बदललं. तसंच नील म्हणजे शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. जुन्या-नव्या नावांचा घोळ करून एका जागेचे दोनदा पैसे लावले आहेत का, ते तुमच्या पत्रिकेत ताडून बघा.

पैशांचं काय झालं? त्याच रात्री १९३० वर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण ही हेल्पलाइन खातं गोठवू शकते ती पैसे खात्यात असेपर्यंतच, आणि आमचे पैसे केव्हाच काढून घेतलेले होते. ताईने कार्डाच्या बँकेकडे दुसऱ्याच दिवशी "सेवा मिळालीच नाही" अशी हरकत नोंदवली, सोबत विमान कंपनीचं ईमेल आणि हॉटेलचं उत्तर जोडलं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तिचे एक लाख दहा हजार परत आले. बँकेतून थेट पाठवलेल्या पैशांतला एक रुपयाही अजून मिळालेला नाही. पुढे कुठलाही मोठा अॅडव्हान्स भरायची वेळ आली, तर हा फरक डोळ्यांसमोर असू द्या. कार्डाच्या हरकतीला मुदत असते, तेव्हा एक दिवसही घालवू नका.

पोलीस ठाण्यात सुरुवातीला "हा दिवाणी व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा" असंच ऐकवलं. संताप आला, पण दाजींनी हट्ट सोडला नाही. विमान कंपनीकडून तिकीट कधी काढलं, कधी रद्द केलं आणि परतावा कोणाला गेला हे लेखी मागवलं. आमच्याकडून शेवटचा हप्ता घेतला त्याच्या आदल्याच दिवशी तिकिटं रद्द झाली होती. त्या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिवाणीची भाषा थांबली आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० खाली, गुन्हा दाखल झाला. ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. वकील देणं सक्तीचं नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

ठाण्यात आम्हाला याच माणसाने फसवलेली आणखी कुटुंबं भेटली. एकाची मुलीच्या लग्नानंतरची बाली, एका निवृत्त शिक्षकांची चारधाम. त्यातल्या काहींनी "आता काय मिळणार" म्हणून तक्रारच दिली नव्हती. असं करू नका. एकाच कुटुंबाची तक्रार असली की आरोपी "धंद्यात खोट आली" म्हणून सुटू पाहतो. तीच पद्धत चार जणांच्या बाबतीत दिसली, तर त्याचा हेतू सिद्ध करणं सोपं जातं. तुमचंही तिकीट असंच परस्पर रद्द झालं असेल, तर रक्कम कितीही लहान असो, रद्द झाल्याची तारीख लेखी मिळवा आणि आपला जबाब नोंदवून या.