महारेरा एजंटचं प्रमाणपत्र आणि माझा पहिला प्लॉट: दहा महिन्यांचा अनुभव (आर्वी तालुका, जि. वर्धा)

आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, पीकविमा, दाखले अशी रोजची कामं. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, ज्यांची वावरं गेली त्यांच्या हाती मोबदला आला आणि पाठोपाठ ले-आऊटवाले, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणारे, आले. लोक सातबाऱ्याची प्रिंट घेता घेता मलाच विचारायचे, "भाऊ, घेऊ का हा प्लॉट?" मला धड उत्तर देता येत नव्हतं. स्वतःचीही थोडी शिल्लक होती, ती जमिनीत गुंतवायची होती. म्हणून प्लॉट-फ्लॅटचे सौदे जुळवणाऱ्या एजंटचं लायसन्स काढायचं आणि त्याच काळात स्वतःचा एक प्लॉट घ्यायचा, असं ठरवलं.

आधी लायसन्सबद्दल. घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेखीसाठी २०१६ चा रेरा कायदा आहे, आपल्या राज्यात ते काम महारेरा हे प्राधिकरण बघतं. त्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटलाही नोंदणी लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा आली. प्रशिक्षण २० तासांचं, परीक्षा बँकभरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था घेते, संगणकावर. पास झालं की प्रमाणपत्र, मग महारेराच्या पोर्टलवर अर्ज. एकट्या माणसाची नोंदणी फी १०,००० रुपये, मुदत ५ वर्षं. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, आयकर विवरणं हे सगळं आधीच स्कॅन करून ठेवा. माझ्या पॅनवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, त्यातच तीन आठवडे गेले.

प्रशिक्षण मी एका खासगी संस्थेकडून ऑनलाइन घेतलं. शिकवणाऱ्यांना विषय येत होता, पण उदाहरणं सगळी मुंबई-पुण्याची: कार्पेट एरिया, सोसायटी, पार्किंग, ताबा लांबणं. आमच्याकडे इमारतीच किती? वर्ग दोनच्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीबद्दल मी दोनदा विचारलं. "ते महसूलचं आहे, आपल्या अभ्यासक्रमात नाही," एवढंच उत्तर मिळालं. फीच्या मानाने हे मला खटकलं आणि अजूनही खटकतं.

तरी तीन गोष्टी पक्क्या डोक्यात बसल्या आणि त्यांनीच माझे पैसे वाचवले. एक, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर ले-आऊट पाडून प्लॉट विकायचे तर तोही प्रकल्पच, त्याची नोंदणी हवी. दोन, नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम विकासकाने घ्यायची नाही. तीन, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला सौदा एजंटने जुळवायचाच नाही. जाहिरातीवर महारेरा क्रमांक लागतोच, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. आमच्याकडच्या चौकातल्या फ्लेक्सवर 'एनए-टीपी मंजूर' (बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी) एवढं मोठ्या अक्षरात असतं. क्रमांक कुठे आहे ते बघा. नसेल तर तिथून पुढे सरका.

माझा पहिला सौदा इथेच मोडला. हायवेजवळच्या एका ले-आऊटमध्ये दीड हजार फुटांचा प्लॉट, भाव इतरांपेक्षा बराच कमी. अर्धे पैसे रोख इसार म्हणून मागितले. क्रमांक विचारला तर "अर्ज केलाय, येईल" म्हणाले. एनएचा आदेश मागितला तर झेरॉक्स दाखवली आणि त्यावरचा गट नंबर शेजारच्या वावराचा निघाला. प्रशिक्षणाआधी मी इसार देऊन मोकळा झालो असतो, हे मी मनापासून सांगतो.

शेवटी तालुक्याच्या गावाला लागून मंजूर ले-आऊटमध्ये १,५०० चौरस फुटांचा प्लॉट घेतला, ४२० रुपये फुटाने. ६ लाख ३० हजार. वर मुद्रांक शुल्क, १ टक्का नोंदणी फी आणि वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध. हा वरचा खर्च लोक धरतच नाहीत आणि रजिस्ट्रीच्या दिवशी उसने मागत फिरतात. आठ महिन्यांत त्या प्लॉटने मला एक रुपया दिलेला नाही. भाडं नाही, पीक नाही, उलट तारेचं कुंपण घालावं लागलं. भाव वाढलाय असं सगळे म्हणतात, पण त्या भावाने घेणारं गिऱ्हाईक अजून दारात आलेलं नाही. पाच-सात वर्षं हात लावायचा नाही अशाच पैशाने प्लॉट घ्यावा. सोयाबीन विकून आलेला, पेरणीला परत लागणारा पैसा यात घालू नका.

आता वावराबद्दल. शेतजमिनीचा सरळ व्यवहार रेरात येत नाही, तिथे लायसन्स उपयोगी पडत नाही आणि आमच्याकडे ऐंशी टक्के विचारणा त्याचीच. हे मी सेवा केंद्रातल्या कामातून आणि एका निवृत्त पटवारी काकाजींकडून शिकलो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक की दोन, आधी ते वाचायचं. वर्ग दोन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. इतर हक्कात 'भूदान' लिहिलेलं असेल तरी थांबायचं, भूदान चळवळीत दान आलेली ती जमीन हवी तशी विकता येत नाही. आदिवासी खातेदार असेल तर बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे, त्याच्या कलम ८९ ची अडचण येते, बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय वावर घेता येत नाही. नागपूरहून येणारी नोकरदार मंडळी इथेच अडकतात. आणि पांदण, म्हणजे वावरात जायची वाट! नकाशावर रस्ता आहे की फक्त चालत आलेली वहिवाट, हे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बघायचं, शेजाऱ्याशी बोलायचं.

दहा महिन्यांत माझ्या हातून तीनच सौदे झाले. दोन प्लॉटचे, दोन-दोन टक्के दलालीने. नोंदणीची फी आणि प्रशिक्षणाचा खर्च निघाला, वर फार उरलं नाही. सेवा केंद्र नसतं तर घर चाललं नसतं. नोकरी किंवा धंदा सोडून यात उडी घेऊ नका. मी स्वतः घेणारा आहे की एजंट, हे पहिल्या भेटीतच समोरच्याला सांगतो. चांगला प्लॉट आला की आधी आपणच घ्यावा असं वाटतं. तो मोह मलाही झाला, पण ज्याच्याकडून दोन टक्के घेणार त्याला अंधारात ठेवणं मला पटत नाही.

तिसरा सौदा वावराचा, त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. विकणारे मामाजी सत्तरीचे. फेरफार काढला तर त्यांच्या बहिणीचं नाव वारसांत होतं, सातबाऱ्यावरही होतं.

"तिचं काय घेऊन बसले बापू? तिनं तं कधीचा हक्क सोडला."

"कागद हाये का मामाजी?"

"कागद कायले? बहीण हाये माही."

घेणाऱ्याला घाई होती. बाहेरून सह्या आणतो म्हणाला. मी नाही म्हटलं आणि मामाजींना घेऊन पुलगावला त्यांच्या बहिणीकडे गेलो. आत्याबाईंनी सातबाऱ्याची प्रिंट हातात घेतली, चष्मा लावला आणि आपलं नाव बोटाने शोधलं. माहेरच्या कागदावर आपलं नाव आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग भावाला म्हणाल्या, "दादा, सही मी देतो. पण माह्या वाट्याचं मले दे."

मामाजी दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. सौदा दीड महिना लांबला आणि घेणाऱ्याने माझा अर्धा टक्का कापला. रजिस्ट्रीच्या दिवशी आत्याबाई नातवासोबत पहिल्या एसटीने आल्या, दुय्यम निबंधकासमोर अंगठ्याऐवजी सही केली आणि आपल्या नावाचा चेक पदराच्या गाठीत बांधून घेतला.