जुन्या लॅपटॉपवर व्हॅलहाइमचा सर्व्हर : आठ महिन्यांचा अनुभव

सुरुवातीला व्हॅलहाइम या गेममधली आमची दुनिया धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर होती. तो गेम चालू करेल तेव्हाच बाकीच्या पाच जणांना आत यायची सोय, आणि तो झोपायला गेला की सगळ्यांची उचलबांगडी. एकदा भर समुद्रात, जहाजात चौघं बसलेले असताना हा पठ्ठ्या ‘निघतो रे’ म्हणाला आणि गेम बंद. त्यावरून त्याची जी हजेरी घेतली गेली, त्यातूनच ‘मग कायम चालू राहील असा सर्व्हर तूच लाव ना’ हे माझ्या गळ्यात पडलं.

व्हॅलहाइम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वीडनच्या आयर्न गेट स्टुडिओचा हा सर्व्हायव्हल गेम २ फेब्रुवारी २०२१ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, विक्रीला आला. एका दुनियेत एका वेळी जास्तीत जास्त दहा जण खेळू शकतात. डेडिकेटेड सर्व्हरचा, म्हणजे कोणी खेळत नसतानाही दुनिया चालू ठेवणारा, प्रोग्रॅम स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) वेगळा आणि फुकट मिळतो. त्याचा नंबर ८९६६६०, आणि तो उतरवायला गेम विकत घेतलेलं खातंही लागत नाही. स्टीमसीएमडी या स्टीमच्या कमांडवाल्या प्रोग्रॅममध्ये ॲनॉनिमस (नाव न देता) लॉगिन केलं की काम होतं. फक्त कुठल्या फोल्डरमध्ये उतरवायचं ते लॉगिनच्या आधी सांगायचं.

मशीन म्हणजे कपाटात पडून असलेला लॅपटॉप: आठ जीबी रॅम, एसएसडी, चार कोअरचा जुना प्रोसेसर. त्यावर उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. सहा जण खेळत असताना सर्व्हर साधारण तीन जीबी रॅम खातो, प्रोसेसरचा एकच कोअर तापतो आणि बाकीचे तीन नुसते बसून असतात. त्यामुळे या कामासाठी जास्त कोअर असलेलं मशीन शोधत बसू नका, एकेक कोअर किती चपळ आहे ते बघा. लॅपटॉपचा एक फायदा म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर चालत राहतो. हे मी सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा लक्षात आलं की राउटरला बॅटरी नाही. सर्व्हर अंधारात एकटाच शांतपणे चालू होता.

झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो, हीदेखील पहिल्याच रात्रीची शिकवण. लॉगिनडी या लिनक्सच्या भागाच्या सेटिंगमध्ये झाकणाकडे दुर्लक्ष कर असं सांगावं लागतं. आणि सर्व्हर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवू नका, त्याच्यासाठी वेगळा युजर करा. एवढं झालं की इन्स्टॉलेशन संपलं. खरंच, एका संध्याकाळचं काम आहे. पुढचे आठ महिने गेले ते या संध्याकाळनंतरच्या गोष्टींत.

पहिली अडचण नेटची. व्हॅलहाइमला यूडीपी या नेटवर्क पद्धतीचे २४५६ आणि २४५७ हे पोर्ट (क्रमांक दिलेली दारं) लागतात. मी राउटरमध्ये फॉरवर्डिंग केलं (त्या दारांवर बाहेरून आलेलं लॅपटॉपकडे पाठवायला सांगितलं), लॅपटॉपला घरातला पत्ता कायमचा बांधून दिला, दोनदा तपासलं. बाहेरून कोणालाच दिसेना. दोन रात्री मी फायरवॉलला शिव्या घातल्या. तिसऱ्या रात्री राउटरचा वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता नीट वाचला, तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सीजीनॅटसाठी राखून ठेवलेले असतात. म्हणजे खरा बाहेरचा पत्ता माझ्या राउटरकडे नव्हताच, तो इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे होता आणि बऱ्याच गिऱ्हाइकांत मिळून वापरला जात होता. अशा वेळी घरात कितीही पोर्ट उघडा, दार भिंतीतच उघडतं. तेव्हा कोणीही सर्व्हर लावायला बसलात तर आधी हा पत्ता बघा, मग बाकीचं.

तोवरचा उपाय म्हणून क्रॉसप्ले (वेगवेगळ्या यंत्रांवरच्या लोकांना एकत्र खेळू देणारी सोय) चालू केलं. त्यात जोडणी मधल्या रिले सर्व्हरमार्फत होते, पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही, आणि आत यायला सहा आकडी कोड मिळतो. वैताग असा की सर्व्हर रीस्टार्ट झाला की कोड बदलतो. महिनाभर माझं रोजचं काम म्हणजे लॉगमधून कोड काढून ग्रुपवर टाकणं. पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, तोही वाढला. शेवटी कंपनीकडून पब्लिक पत्ता मागून घेतला आणि क्रॉसप्ले बंद केलं. आमच्यात सगळेच स्टीमवर आहेत म्हणून हे जमलं. तुमच्यात एखादा एक्सबॉक्सवाला असेल तर क्रॉसप्लेला पर्याय नाही.

आता माझ्या आळसाची गोष्ट. सर्व्हरसोबत सुरू करायची एक स्क्रिप्ट येते. तिच्यात सर्व्हरचं नाव, दुनियेचं नाव आणि पासवर्ड टाकायचा असतो. पासवर्ड किमान पाच अक्षरांचा हवा, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही. मी थेट त्याच स्क्रिप्टमध्ये बदल केले. सोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की तिची प्रत काढून प्रतीत बदल करा, कारण अपडेट आलं की मूळ स्क्रिप्ट पुन्हा नव्याने उतरते. वाचतो कोण?

तिसऱ्या महिन्यात अपडेट आलं. मी ऑफिसातून सर्व्हर अपडेट केला, रीस्टार्ट केला आणि कामाला लागलो. संध्याकाळी पहिला फोन: ‘अरे, पासवर्ड का बदललास?’ मी म्हटलं, नाही बदलला. दुसरा मेसेज: ‘लिस्टमध्ये आपलं नाव दिसत नाहीये, माय सर्व्हर असं काहीतरी आहे.’ घरी येऊन सेव्हचा फोल्डर उघडला. आमच्या दुनियेच्या दोन फाइल जागेवर होत्या, शेजारी ‘डेडिकेटेड’ नावाच्या दोन कोऱ्या फाइल बसलेल्या, आजच्या तारखेच्या. स्क्रिप्ट मूळ रूपात परत आली होती आणि तिने तिच्या ठरलेल्या नावाची नवीकोरी दुनिया तयार केली होती. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पण तो फोल्डर उघडायच्या आधीची दहा मिनिटं मी पुन्हा अनुभवू इच्छित नाही. आता आमची स्क्रिप्ट वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये आहे.

मग सगळ्यांचा आवडता विषय, लॅग, म्हणजे खेळ अडखळत, उशिरा चालणं. आमची भाबडी समजूत होती की वेगळा सर्व्हर आला की लॅग गेला. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजायला मला दोन महिने लागले. व्हॅलहाइमचा सर्व्हर दुनियेची नोंद ठेवतो आणि निरोप्याचं काम करतो. राक्षसाने कुठे चालायचं, झाड कुठे पडायचं, हे गणित बहुतांशी खेळाडूंच्या मशीनवरच होतं. दुनिया ६४ मीटरच्या चौकोनांत विभागलेली असते, आणि त्या भागात जो आधीपासून हजर असेल त्याचं मशीन तिथला कारभार बघतं. म्हणजे आमच्यातला जो मित्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून खेळतो तो बेसवर (आम्ही बांधलेल्या ठाण्यावर) सगळ्यांत आधी पोहोचला, की बाकीच्यांना दार उघडायला दोन सेकंद लागतात आणि रानडुक्कर बाण लागल्यावर विचार करून मरतं. माझा सर्व्हर तेव्हा निवांत असतो.

ही गोष्ट कळल्यावर आमचा लॅग निम्मा झाला, आणि तोही कुठलीच सेटिंग न बदलता. मोठ्या लढाईला जाताना ज्याचं नेट चांगलं तो पुढे जातो, हॉटस्पॉटवाला मागून येतो. एफ-२ दाबलं की पिंग आणि आसपासच्या वस्तूंची संख्या दिसते. ती संख्या बघायची सवय लावा, पुढे त्यावर येतोच.

लोखंडाचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. या गेममध्ये लोखंड पोर्टलमधून (क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या दारातून) नेता येत नाही. दलदलीतल्या तळघरांत चिखल फोडून भंगार काढायचं आणि जहाजाने घरी आणायचं. तिघांनी एक अख्खी संध्याकाळ खर्चून नव्वदेक तुकडे जमवले. किनाऱ्यावर आले, सगळं जहाजात भरलं आणि निघाले. त्या वेळी सर्व्हर मी साध्या टर्मिनलमध्ये चालवत होतो. लॅपटॉपचा स्क्रीन गोठल्यासारखा वाटला म्हणून मी पॉवरचं बटण दाबून धरलं. कोणाला विचारलं नाही.

सर्व्हर ठरावीक वेळानेच दुनिया सेव्ह करतो. न बदलल्यास दर १८०० सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या तासाने. शेवटचं सेव्ह जहाज भरायच्या आधीचं होतं. त्यामुळे दुनिया मागे गेली: जहाज दलदलीच्या किनाऱ्यावर, रिकामं. पण खेळाडूची सगळी माहिती, त्याच्या अंगावरच्या सामानासकट, त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर असते. ती मागे गेली नाही. त्यांच्या पोतडीतून लोखंड आधीच बाहेर काढलेलं होतं. म्हणजे लोखंड ना जहाजात, ना माणसांकडे. आणि कडी म्हणजे तिघं परत आत आले ते जिथून बाहेर पडले तिथेच, भर समुद्रात, पायाखाली जहाज नाही.

‘मी पोहतोय,’ भाऊ माइकवर म्हणाला. ‘का पोहतोय मी?’

तिघंही बुडाले. मेल्यावर प्रत्येक कौशल्य पाच टक्क्यांनी घसरतं ते वेगळं. तरंगणारी थडगी (मेलेल्याचं सामान त्यात राहतं) गोळा करायला दुसरी संध्याकाळ गेली.

त्या रात्री मी सर्व्हर सिस्टमडी या लिनक्सच्या व्यवस्थेत सर्व्हिस म्हणून (मागे आपोआप चालणारा) बसवला. त्यात एकच ओळ महत्त्वाची: बंद करताना सिगइंट हा सिग्नल पाठवायचा, म्हणजे कंट्रोल-सी दाबल्यासारखं. तो मिळाला की सर्व्हर आधी दुनिया सेव्ह करतो, मग बंद होतो. थांबायला दोन मिनिटांची सवलतही दिली आहे. सेव्हची वेळ दहा मिनिटांवर आणली. दर सेव्हला क्षणभर सगळं थबकतं, त्यावर कुरकुर होते. ‘पोहायचंय का परत?’ एवढं विचारलं की थांबते.

लोखंड पोर्टलमधून नेऊ देणारी सेटिंगही आहे. ऑगस्ट २०२३ च्या अपडेटपासून दुनियेचे नियम सर्व्हर सुरू करतानाच सैल-घट्ट करता येतात. आम्ही मतदान घेतलं, तीन विरुद्ध तीन. जे बुडाले ते तिघं बाजूने, जे घरी होते ते तत्त्वाला धरून विरोधात. मी विरोधात होतो. ते अजून ऐकवतात.

बॅकअपबद्दल. सर्व्हर स्वतःहून चार बॅकअप ठेवतो, पहिला दोन तासांचा आणि पुढचे बारा-बारा तासांच्या अंतराने. चांगली सोय आहे, पण सगळे त्याच डिस्कवर. मी दर तासाला क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) दुसऱ्या मशीनवर प्रत टाकतो. दुनियेच्या दोन फाइल असतात, एफडब्ल्यूएल आणि डीबी. पहिली चिमुकली, तिच्यात दुनियेचं नाव आणि सीड (ज्यावरून नकाशा तयार होतो तो शब्द). दुसरीत तुम्ही बांधलेलं, खणलेलं, पुरलेलं सगळं. दोन्ही सोबतच न्यायच्या, एकटीचा उपयोग नाही. आमची डीबी आता शंभर एमबीच्या पुढे गेली आहे. आणि बॅकअप एकदा तरी परत चढवून बघा. मी बघितला तेव्हा कळलं की तीन आठवडे क्रॉन जुन्या फोल्डरची प्रत काढत होता.

अपडेटची कटकट कायमची. खेळणाऱ्यांचा गेम स्टीम परस्पर अपडेट करतं, सर्व्हर जुनाच राहतो, आणि सगळ्यांना आवृत्ती जुळत नाही असा निरोप येतो. सर्व्हिस सुरू होण्याआधी स्टीमसीएमडीने अपडेट तपासायचं असं लावून ठेवलंय आणि पहाटे पाचला रोज रीस्टार्ट. मॉड (इतरांनी गेममध्ये केलेले बदल) वापरत असाल तर हे करू नका. आम्हीही महिनाभर मॉड वापरले. एका अपडेटने ते मोडले, दुरुस्त आवृत्ती यायची वाट बघत आठवडाभर सर्व्हर बंद राहिला. तेव्हापासून साधा गेमच बरा.

एक गोष्ट सर्व्हरने कधीच सुटणार नाही. खेळाडूचं सामान त्याच्याकडेच असल्यामुळे कोणीही स्वतःच्या दुसऱ्या दुनियेतून वाट्टेल ते घेऊन आत येऊ शकतो. परवानगीच्या यादीची फाइल आहे, त्यात १७ आकडी स्टीम आयडी टाकले की फक्त तेवढेच लोक येतात. पण आत आलेल्याच्या पोतडीत काय आहे ते सर्व्हर विचारत नाही. ओळखीच्या लोकांत चालतं. अनोळखी लोकांसाठी सर्व्हर उघडा ठेवायचा असेल तर हा गेम त्यासाठी नाही, असं माझं मत.

सध्याचं दुखणं म्हणजे आमचा मुख्य बेस. आठ महिन्यांत सहा जणांनी मिळून तो इतका वाढवलाय की एफ-२ मध्ये वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या वर दिसते आणि फाटकातून आत शिरलं की चांगल्या ग्राफिक्स कार्डचेही फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) निम्मे होतात. इथे सर्व्हर बदलून काही होणार नाही, कारण भार प्रत्येकाच्या मशीनवर आहे. मी नवीन बेट शोधून तिथे आटोपशीर बेस बांधायला घेतलाय. तिघं आलेत. भाऊ आणि हॉटस्पॉटवाला हलायला तयार नाहीत, त्यांनी काल जुन्या बेसला तिसरा मजला चढवला.