नळीचा गॅस स्टोव्ह: सह्याद्री ते तपोवन, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी तक्रार. ठिणगीचा खटका राजगडावर पहिल्या दाबात पेटायचा. गंगोत्री-गोमुख वाटेवरच्या भोजबासाला, ३,८०० मीटरच्या आसपास, नुसता टिकटिकत राहतो. विरळ हवेत ठिणगीला गॅस पेटवण्याइतका जोर उरत नाही, त्यात बर्नरवर दव. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: हा भाग वॉरंटीत नाही. म्हणजे एवढे पैसे मोजून वर काडेपेटी न्यायची! न्याच, आणि प्लास्टिकच्या पिशवीत न्या. लायटर आतल्या खिशात, कारण गारठला की तोही रुसतो.

नळीवालं मॉडेल, म्हणजे गॅसचा कॅन बाजूला ठेवून नळीने जोडायचा स्टोव्ह, हा उगाच खर्च, कॅनच्या डोक्यावर बसणारा स्वस्त आणि हलका, असं माझं मत होतं. सह्याद्रीपुरतं ते आजही कायम आहे. गोमुखच्या वर जाणाऱ्या ग्रुपसाठी मात्र बदललंय. डोक्यावरच्या स्टोव्हवर पाच लिटरचं पातेलं डुगडुगतं, हे एक. खरं कारण गॅसचं. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे ११.७ ला, प्रोपेन उणे ४२ ला. या गॅसांचं मिश्रण भरलेला कॅन सरळ ठेवून वापरला की प्रोपेन आधी संपत जातो, शिवाय वाफ होताना कॅन स्वतःच गार पडतो. मग पहाटेच्या चहाला, अर्धा कॅन शिल्लक असताना, ज्योत मलूल. नळीवाल्यात कॅन उलटा करता येतो. द्रव गॅस नळीतून येतो आणि बर्नरला चिकटून गेलेल्या धातूच्या नळीत तापून त्याची वाफ होते.

पेटवताना कॅन सरळच हवा. मिनिटभर नळी तापू द्या, ज्योत बारीक करा, मग सावकाश उलटा. घाई केलीत तर पिवळा भडका उडतो. नॉब फिरवल्यावर ज्योत जरा उशिरा ऐकते, म्हणून पुन्हा पुन्हा पिळू नका. बंद करण्याआधी कॅन सरळ करून नळीतला द्रव जळू द्या. तापणारी नळी नसेल त्या स्टोव्हवर कॅन उलटा करणं नकोच. आणि तंबूत तर कुठलाच स्टोव्ह नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गोमुखच्या वरच्या तपोवनात, सुमारे ४,४०० मीटरवर, पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजवणं म्हणजे गॅस जाळणं. छोटा कुकर न्या. पाणी संध्याकाळीच भरून ठेवा, पहाटे ओढे गोठलेले असतात. बर्फ वितळवणं शेवटचा उपाय: शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता जाते, जवळपास तेवढ्यातच ते पाणी उकळतं. गॅस दुप्पट.

विमानात कॅन चालत नाहीत, डेहराडूनला दुकानात फोन करून आधी ठेवायला सांगा. उंच बाटलीसारखे स्वस्त कॅन बहुतेक ब्युटेनचेच. अडॅप्टर लावलं तरी गारठ्यात उपयोग नाही. नव्या कॅनचं वजन करून तळाला मार्करने लिहा, म्हणजे उरलेला गॅस किचनच्या काट्यावर कळतो.

जोडातलं रबरी वॉशर थंडीत कडक होतं, फुसफुस ऐकू आली तर साबणाचं पाणी लावून बघा. जास्तीचं वॉशर बॉक्समध्ये नाही. कंपनी ते वेगळं विकते, आणि कुरियरचा खर्च वॉशरपेक्षा जास्त.